मधला रकाना

पाठ पाहायला येणाऱ्या प्राध्यापकाची जागा वर्गात ठरलेली असते, शेवटचा बाक. आठवी-नववीच्या मुलांसाठी केलेल्या त्या बाकात पोट सुटलेल्या माणसाचे गुडघे मावत नाहीत. म्हणून तिरकं बसायचं, मांडीवर निरीक्षण वही ठेवायची आणि हातात लाल पेन धरायचा. अध्यापक महाविद्यालयात मी मराठी शिकवायची पद्धत शिकवत असे, आणि माझी निम्मी नोकरी अशी तिरकं बसून गेली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा मी मनात बरंच काही जुळवलं होतं. लिहायला बसलो आणि एकाच मुलीचे पाठ आठवत राहिले. तेव्हा तेच लिहितो.

आमच्या धंद्याची थोडी ओळख आधी करून देतो. बी.एड.ला येणाऱ्यांना आम्ही छात्राध्यापक म्हणतो, म्हणजे अर्धे विद्यार्थी आणि अर्धे शिक्षक. आसपासच्या शाळांमधले वर्ग मागून घ्यायचे आणि त्या खऱ्या मुलांवर त्यांनी पाठ घ्यायचे. त्याआधी पाठाचं टाचण लिहायचं. कोणता प्रश्न विचारणार, मुलं काय उत्तर देणार, फळ्यावर काय लिहिणार, सगळं त्यात हवं. टाचणावर आमची सही नसेल तर वर्गात पाय ठेवायचा नाही. माझ्याच गावाकडच्या, वरवट बकालच्या एका पठ्ठ्यानं टाचणात कंस करून लिहिलं होतं, ‘येथे विद्यार्थी हसतील.’ मी सही केली. वर्गात त्यानं विनोद सांगितला आणि कोणीच हसलं नाही. तो थांबला. टाचणात पाहिलं, मुलांकडे पाहिलं, पुन्हा थांबला. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीला त्याची दया आली, ती हसली, तेव्हा कुठे पाठ पुढे सरकला. आज तो चांगला शिक्षक आहे आणि त्याच्या वर्गात मुलं खरोखर हसतात असं ऐकतो. असे नमुने मी पुष्कळ पाहिले आणि बहुतेकांचं भलंच झालं.

आमच्या बुलढाण्याकडे माध्यमिक शाळेच्या शिक्षकाचं एका भाषेवर भागत नाही. मराठी शाळांमधून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचं आलं. उर्दू शाळेत सगळे विषय उर्दूतून, पण मराठी सक्तीची. तिथे मराठी शिकवणाऱ्याला दोन्ही भाषा चांगल्या यायला लागतात, आणि असा माणूस सहसा सापडत नाही. ज्याला मराठी येते त्याला उर्दू येत नाही, आणि ज्याला उर्दू येते तो मराठीचं पुस्तक कसंबसं वाचून दाखवतो.

म्हणून नसरीननं जेव्हा माझी मराठीची पद्धत विषय म्हणून घेतली तेव्हा मला आनंदच झाला होता. ती सुलतानपूरची. वडिलांचं गाद्या-रजया भरून द्यायचं दुकान, कापूस पिंजायचं यंत्र घरातच. दहावीपर्यंत ती उर्दूत शिकली. पुढे जवळपास उर्दूची सोय नव्हती म्हणून मराठी कॉलेजात गेली, आणि हट्टानं मराठीच विषय घेऊन बी.ए. झाली. पहिल्या वर्षी तिला व्याख्यानातलं निम्मं कळत नसे, असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. न कळलेले शब्द ती उर्दू लिपीत लिहून घ्यायची आणि घरी जाऊन अर्थ शोधायची. उर्दू शाळेत मराठी शिकवायचं हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. वडिलांनी गल्लीत सांगूनही टाकलं होतं की आमची मुलगी मास्तरीण होणार.

तिचा पहिला मोठा पाठ एका उर्दू शाळेत, आठवीवर होता. शाळेचं नाव लिहीत नाही, शाळेचा यात काही दोष नाही. मी शेवटच्या बाकावर तिरका बसलो. टाचणाबरहुकूम नसरीननं सुरुवात केली, आज आपण अमुक पाठ शिकणार आहोत वगैरे. मुलं पाण्यात बुडवून काढल्यासारखी गप्प. तिनं प्रश्न विचारला, उत्तर नाही. दुसरा विचारला, नाही. मी वहीत लिहिलं, ‘प्रतिसाद कमी.’

मग तिनं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. फळ्यावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने केले. सगळ्यात उजवीकडच्या रकान्यात उर्दू लिपीत एक वाक्य लिहिलं. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून, त्यामुळे उर्दू उजव्या कडेला आणि मराठी डाव्या कडेला. मधला रकाना रिकामा. तिनं मुलांना विचारलं, ‘मैं जा रहा हूँ’ हे बाजारात शेजारच्या भाजीवाल्याला सांगायचं तर तुम्ही काय म्हणाल? एक जण हळूच म्हणाला, ‘मी जाऊन राह्यलो.’ तिनं ते मधल्या रकान्यात लिहिलं. ‘मुझे पानी दो’ला काय म्हणाल? आता तीन-चार जण एकदम, ‘मले पाणी दे.’ तेही मधे लिहिलं. आणि मग डावीकडे बोट करून म्हणाली, पुस्तकवाले हेच जरा निराळं लिहितात, ओळखा पाहू. ‘मी जात आहे’ एका मुलीनं ओळखलं. ‘मला पाणी दे’ तर अख्ख्या वर्गानं ओळखलं. पंधरा मिनिटांत फळा भरला. मुलं जागेवरून उठून उत्तरं द्यायला लागली. शाळेत मराठीच्या तासाला एवढा आवाज होतो हे पाहायला शेजारच्या वर्गाचे शिक्षक दारात येऊन गेले.

मी काय केलं ते सांगतो. मी लाल पेनानं लिहिलं, ‘अशुद्ध भाषेचा वापर. शिक्षकाच्या फळालेखनात बोलीभाषा येणे गंभीर दोष. मधला रकाना काढून टाकावा.’ खाली रेघ मारली.

मी असं का लिहिलं, याची दुसरी बाजू मला सांगितली पाहिजे, बचाव म्हणून नाही. मी स्वतः वरवट बकालचा, घरात अस्सल वऱ्हाडी. शिक्षक व्हायचं म्हणून पुण्याला शिकायला गेलो. तिथल्या शाळेत पहिल्याच पाठाला मी मुलांना म्हणालो, ‘फळ्याकडे पाहून राह्यले ना?’ सगळा वर्ग हसला, माझ्या टाचणात तसं लिहिलेलं नसताना. आमच्या प्राध्यापकांनी वहीत ‘ग्रामीण उच्चार’ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि चर्चेत ते वाक्य माझ्याकडून तीनदा शुद्ध म्हणवून घेतलं. त्यानंतर वर्षभर मी रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून जीभ घासली. सुट्टीत घरी गेलो तर आई म्हणाली, ‘तू त पाव्हण्यासारका बोलून राह्यला.’ मला तेव्हा ते कौतुक वाटलं. पुढे नोकरी लागली ती या घासलेल्या जिभेवरच, अशी माझी पक्की समजूत होती. तेव्हा मी शिकवलेल्यांच्या तोंडून ‘मले’ निघालं की मला राग यायचा, आणि तो राग म्हणजे शिस्त आहे असं मी मानायचो.

पाठानंतर सगळ्या छात्राध्यापकांना गोलात बसवून चर्चा करायची पद्धत असते. मी माझा शेरा सर्वांसमोर वाचला. एरवी नसरीन खाली मान घालून लिहून घ्यायची. त्या दिवशी तिनं वर पाहिलं.

“सर, ही मुलं मराठी बोलतातच,” ती म्हणाली. “ती मराठी आहे, एवढंच त्यांना माहीत नाही.”

आज ते वाक्य मी कोणत्याही शिक्षकाला वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगेन. तेव्हा मी तिला विचारलं की उद्या ह्या मुलांनी पेपरात ‘मले’ लिहिलं तर मार्क तू देणार आहेस का. बाकीचे हसले. मला ते हसू आवडलं. तिनं मान खाली घालून वहीत लिहून घेतलं.

नसरीन आज्ञाधारक होती, हे तिचं दुर्दैव. पुढच्या पाठापासून मधला रकाना गेला. उजवीकडे उर्दू, डावीकडे पुस्तकातलं मराठी, आणि मधे एकच रेघ. टाचणं इतकी नीटनेटकी की लाल पेन उघडायची वेळ येत नसे. उच्चार स्वच्छ, अक्षर सुरेख. मुलं पुन्हा गप्प झाली. मी तिला वरची श्रेणी द्यायला लागलो. पहिल्या पाठाला, जिथे वर्ग उठून उभा राहिला होता, तिथे मी तिला खालची दिली होती, आणि ह्या मुक्या पाठांना वरची. आकडे माझ्याच हातचे आहेत, आता दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाहीत. एकदा पाठ संपल्यावर वर्गातली एक मुलगी माझ्या बाकाजवळ येऊन म्हणाली, ‘सर, मॅडमले पहिल्यासारखं शिकवा म्हणा ना.’ मी तिला जागेवर बसायला सांगितलं.

वर्षाच्या शेवटी पाठ परीक्षा असते. दुसऱ्या महाविद्यालयातून बाह्य परीक्षक येतात, त्यांच्या शेजारी आम्ही अंतर्गत परीक्षक म्हणून बसतो. नसरीनचा पाठ त्याच उर्दू शाळेत, त्याच आठवीवर आला. ह्या पाठाला आणखी एक माणूस बसणार होता, शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्याकडे मराठीची जागा रिकामी होती. जूनपासून तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचं मानधन अशा बोलीवर, त्यांना कोणी तरी हवं होतं. त्यांनी तिच्या पहिल्या पाठाचा बोलबाला ऐकला होता. मला आधीच बोलून दाखवलं होतं की हीच मुलगी आम्हाला घ्यायची आहे. नसरीनलाही त्याची कुणकुण होती.

पाठ सुरू झाला. सगळं टाचणाप्रमाणे. तिनं एक प्रश्न विचारला, वर्ग शांत. मग खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. तिला मी पूर्वी कधी बोलताना पाहिलं नव्हतं. ती उभी राहून म्हणाली, “मॅडम, मले येते.”

नसरीननं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच असेल, पण मला ती नजर समजली. ती मला विचारत होती. मी मान हलवली असती, नुसतं हसलो असतो तरी चाललं असतं. मी वहीत पाहिलं.

“मला येते, असं म्हणायचं,” नसरीन म्हणाली. आवाज गोड होता. पण ती मुलगी खाली बसली ती उत्तर न देताच. तास संपेपर्यंत वर्गात दुसरा हात वर आला नाही. शेवटची दहा मिनिटं नसरीन स्वतःच प्रश्न विचारत होती आणि स्वतःच उत्तरं देत होती.

नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. बाह्य परीक्षक जाणते होते. त्यांनी सांगितलं की भाषा निर्दोष आहे, पण मुलं बाईंपासून दूर आहेत, वर्ग हाती येत नाही. मुख्याध्यापक हळहळून म्हणाले, बच्चे तो कुछ बोलेच नहीं. मग परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवला आणि मला सरळ विचारलं, “तुम्ही वर्षभर पाहिलंय. ही नेहमी अशीच शिकवते का?”

मला खरं माहीत होतं. मी एवढंच सांगायचं होतं की नाही, ही अशी नाही, हिनं याच वर्गाला बोलतं केलं होतं आणि मी ते थांबवलं. दोन वाक्यं. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न मला आला असता. तीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकानं चुकीचं मार्गदर्शन केलं, असं त्या दोघांसमोर निघालं असतं.

“हो,” मी म्हणालो. “मुळात जरा बुजरी आहे.”

तिला साधारण गुण मिळाले. पास झाली. जूनमध्ये शाळेनं दुसऱ्या एकाला घेतलं. निकालाच्या दिवशी नसरीन भेटून गेली, पेढे दिले, आशीर्वाद द्या म्हणाली. मी दिले. त्यानंतर माझी आणि तिची भेट नव्हती.

मी निवृत्त झालो आणि लोणारला घर बांधून राहिलो. दोन वर्षांपूर्वी माध्यमिक शिक्षकांच्या एका कार्यशाळेला ज्येष्ठ म्हणून मला बोलावलं होतं. नव्या धोरणात मुलांच्या घरच्या भाषेला वर्गात जागा द्यायची आहे, तिचा आधार घेऊन पुस्तकाच्या भाषेकडे जायचं आहे, असं एक तरुण प्रशिक्षक समजावत होता. त्यानं पडद्यावर एक तक्ता दाखवला. तीन रकाने होते. तक्ता परगावच्या कुठल्या तरी शाळेतला, भाषा वेगळ्या, पण मांडणी तीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. जेवणाच्या सुट्टीत मी तिथून निघून आलो.

तरी सुलतानपूरला जायला मला काही महिने लागले. लोणारहून एसटीनं फार वेळ लागत नाही, हे इथे सांगायला हवं. नसरीननं रस्त्यावर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं आहे असं कळलं होतं. पेन्शनवाल्यांना दर वर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. लोणारमध्ये तो सहज निघतो, पण मी ते निमित्त धरून तिच्याकडे गेलो.

तिनं लगेच ओळखलं. उठून उभी राहिली, खुर्ची पुसून दिली. दुकानात दोन तरुण मुलं बसली होती, त्यांचे शिक्षक पात्रता परीक्षेचे फॉर्म ती भरत होती. ते गेल्यावर माझा दाखला काढायला घेतला. यंत्रावर माझा अंगठा उमटेना. म्हातारपणी रेषा झिजतात. तिनं ओल्या फडक्यानं माझा अंगठा पुसला, स्वतःच्या बोटांनी धरून यंत्रावर दाबला, तिसऱ्यांदा उमटला. तेव्हा माझा हात तिच्या हातात असतानाच मी बोलायला लागलो, नाही तर बोललोच नसतो. पहिल्या पाठाचा शेरा, नंतरच्या श्रेणी, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते सगळं सांगितलं.

ती ऐकत राहिली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“हे मला माहीत नव्हतं, सर,” ती म्हणाली. “मला वाटत होतं, मलाच शिकवता येत नाही.”

सात वर्षं. मी माफी मागितली. तिनं विचारलं की हे तुम्ही माझ्या अब्बांना सांगाल का. घर दुकानाच्या मागेच आहे. मी हो म्हणालो.

अब्बा ओसरीवर खाटेवर बसले होते. जन्मभर पिंजणयंत्राजवळ बसून कान गेलेले. नसरीननं त्यांच्या कानाशी वाकून माझी ओळख करून दिली आणि मला म्हणाली, मोठ्यानं बोला सर, त्यांना कमी ऐकू येतं. मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी ओरडून सांगितलं की तुमची मुलगी चांगली शिकवत होती, तिला मी अडवलं, आणि परीक्षेत तिच्याबद्दल खोटं बोललो. शेजारच्या ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या दोन बायका हात थांबवून पाहायला लागल्या. खरं तर हे मी सात वर्षांपूर्वी एका बंद खोलीत हळू आवाजात सांगू शकलो असतो.

म्हाताऱ्यानं खाटेची कड धरून माझ्याकडे तोंड वळवलं.

“गल्लीतले लोक येत होते हिच्याकडं,” तो म्हणाला. “आमच्या पोराईले शिकव म्हणत होते. फुकट नाई, पैसे देत होते. ही नाई म्हणे. म्हणे मले येत नाई. मी हिलेच बोललो. इतकं शिकवलं अन् काय कामाचं, म्हनलं.” मग नसरीनकडे न पाहता त्यानं मला विचारलं, “तवाच काऊन नाई सांगतलं?”

तेव्हाच का सांगितलं नाही, याचं उत्तर मी दिलं नाही. कानानं अधू माणसाला आपण बोललो की नाही हे पटकन कळत नाही, त्यामुळे तो आणखी काही वेळ कान पुढे करून वाट पाहत राहिला. शेवटी नसरीननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला मागे टेकवलं. मला ती रस्त्यापर्यंत पोचवायला आली. एसटी येईपर्यंत उभी राहिली. जुन्या प्राध्यापकांची चौकशी केली, आणि पुढच्या वर्षी दाखल्यासाठी येताना आधार कार्ड विसरू नका म्हणाली.

त्यानंतर तिनं गल्लीतली मुलं शिकवायला घेतली असं लिहिता आलं असतं तर हा लेख दिवाळी अंकाला शोभला असता. सुलतानपूरचं कोणी भेटलं की मी विचारतो. गेल्या महिन्यात बँकेत एक जण भेटला, त्यालाही विचारलं. दुकान चांगलं चालतं म्हणाला. शिकवण्याचं विचारलं तर म्हणाला, नाही बुवा, ती कुठं शिकवते.